'जुना ग्वाल्हेरकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: मजार, घण आणि वीस बाजूंचा फासा

काका,

सही 'जुना ग्वाल्हेरकर' अशी आहे आणि वय एकाहत्तर लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा रागच आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा लक्षात आलं, की त्यातलं एक म्हणणं मला खोडता येत नाहीये. उत्तराला आठ दिवस लागले ते त्यामुळेच.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी आम्ही पाच जण रोल-प्लेइंग खेळ खेळतो. सोंगट्या नाहीत, पडदा नाही. प्रत्येकाच्या हातात आपल्या पात्राचा एक कागद असतो, मधे फासे असतात (पात्राचा प्रयत्न जमला की फसला ते फासा ठरवतो) आणि गोष्ट पुढे नेणारी एक व्यक्ती असते. ती सध्या मी. यंदाची आमची गोष्ट वाळवंटातल्या एका काल्पनिक शहराची आहे. शहराच्या मधोमध एका फकिराची मजार आहे, आणि मजारीवर दिवा लावणं म्हणजे देवाच्या शेजारी दुसरा देव बसवणं, असं म्हणणारी एक टोळी आहे. ही टोळी मजारी फोडत फिरते. आमच्यातल्या जनकगंजच्या एका मुलाने, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच टोळीतल्या एकाची भूमिका मागून घेतली. मी दिली.

तुमचे आक्षेप तीन आहेत. मोठ्या माणसांनी सोंगं काढत बसू नये, अमेरिकेत या खेळापायी मुलं वाया गेली. दुसरा, तुमच्याच शब्दांत, "मुंबईत ज्यांची माणसं मेली त्यांना विचारा, अतिरेक्याच्या मनात शिरायची हौस कशी वाटते ते." आणि तिसरा, मी घुमट, मुजावर (मजारीची निगा राखणारा), दिवा सगळं आणलं पण 'इस्लाम' हा शब्द टाळला, समाजसुधारक हमीद दलवाईंच्या भाषेत लिहिणाऱ्यांना एवढीही हिंमत नसावी का?

अमेरिकेचं आधी. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा पहिला छापील खेळ 1974 साली आला. 1979 मध्ये मिशिगनमधला एक सोळा वर्षांचा विद्यार्थी विद्यापीठातून नाहीसा झाला. तो हा खेळ खेळायचा, एवढ्यावरून तो खेळाच्या नादात विद्यापीठाखालच्या बोगद्यांत शिरला असणार अशी बातमी देशभर झाली. पोरगा महिन्याभराने सापडला. तो फार आधीपासून मनाने खचलेला होता आणि खेळाच्या नादाची गोष्ट तपास करणाऱ्याच्या तर्कातून आली होती. पण पुढची दहा वर्षं तिथल्या कितीतरी घरांत या खेळाची पुस्तकं सैतानाची म्हणून फेकली गेली. त्या मुलाला नेमकं काय होत होतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. यावर मी एवढंच लिहिते.

सोंगांचं म्हणाल तर काका, सोंग घेणं आपल्याला कुणी अमेरिकेहून आणून दिलेलं नाही. नाथांनी भारुडात किती सोंगं घेतली! जोशी, गारुडी, आंधळा, मुका, फकीर. आणि आपल्या या वादाला तर थेट लागू असा त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आहे. त्यात हिंदू आणि तुर्क एकमेकांच्या देवाधर्मावर तुटून पडतात, एकमेकांची लक्तरं काढतात, आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. सोळाव्या शतकात, मुसलमानी अमलाखालच्या पैठणात बसून एका ब्राह्मणाने तुर्काची बाजू त्याच्या तोंडून, त्याच्या ठसक्यात लिहिली आहे. तुर्काला मूर्ख ठरवून लिहिलं असतं तर ते चार दिवसांत विसरलं गेलं असतं. समोरच्याचं म्हणणं त्याच्या जिभेने बोलता येणं, ही मी नाथांची खरी ताकद मानते.

आता तुमचा दुसरा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त लागला. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात 2008 साली 166 माणसं मेली. ते आठवल्यावर हातातला फासा जड होतो, हे खरं आहे. म्हणूनच त्या रविवारी नेमकं काय घडलं ते नीट सांगते, मागच्या लेखात मी ते घाईत उरकलं होतं.

टोळीचा माणूस मजारीच्या दाराशी आला. हातात घण. आत म्हातारा मुजावर, म्हणजे मी, वात वळतोय. पोरगा म्हणाला, "मी याला पटवतो, फासा टाकू?" आमच्याकडे नियम असा की आधी बोलायचं, मग फासा. नुसतं 'पटवतो' म्हणून चालत नाही, काय बोलून पटवतोस ते सांग. तो बोलायला लागला, आणि बोलला ते टीव्हीवरच्या खलनायकासारखं. आवाज चढवलेला, दात खाल्लेले. मी मुजावराच्या आवाजात विचारलं, "बेटा, तुझ्या आईने इथे नवस बोलला होता, तू झालास तेव्हा. तिला काय सांगशील?" पोरगा गप्प झाला. कागदाच्या कोपऱ्याची घडी घालत बसला, घातलेली घडी उलगडत बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिला सांगेन, की तू आयुष्यभर चुकीच्या दारात उभी राहिलीस, आणि मला तुला नरकात जाताना बघवत नाही."

माडीवर कुणी हललं नाही. मग आमची हजीरा भागात राहणारी मैत्रीण, ती औषधाच्या दुकानात काम करते आणि खेळात एका चोराचं पात्र करते, म्हणाली, "ये तो मेरे घर का झगड़ा है." तिची आजी दर गुरुवारी महंमद गौस या सूफी संताच्या मकबऱ्यात अगरबत्ती लावायला जाते. दोन वर्षांपूर्वी बाहेर शिकून आलेल्या चुलतभावाने आजीला नेमकं हेच ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. प्रेमाने. आजी तीन दिवस जेवली नव्हती.

काका, मला या खेळाचं वेड आहे ते अशा क्षणांपायी. तिथे 'मुसलमान' किंवा 'अतिरेकी' अशी भूमिका घेताच येत नाही. एक माणूस घ्यावा लागतो. त्याला आई असते, त्याला कसली तरी भीती असते, तो कुणाचं तरी ऐकून इथवर आलेला असतो. टीव्हीवर रात्री नऊला जे चालतं त्यात सहा चौकटींत सहा जण 'ते' आणि 'त्यांचं' यावर ओरडतात आणि त्यात चुलतभाऊही नसतो, आजीही नसते. आमच्या त्या पोराने पाच मिनिटांत जे ओळखलं ते मला इतकी वर्षं वाचून कळलं नव्हतं. अतिरेकाची पहिली वाक्यं द्वेषाची असतीलच असं नाही. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या काळजीच्या सुरात येऊ शकतात, आणि म्हणून घरच्यांना ती वेळेवर ओळखू येत नाहीत.

आणि घण काल्पनिक नाही. मालीतल्या तिंबक्तू शहरात 2012 साली पीरांचे मकबरे असेच कुदळी-फावड्यांनी पाडले गेले. त्यासाठी एका माणसाला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2016 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा दिली. तो स्वतः धर्म शिकलेला होता. सिंधमध्ये सेहवानला लाल शाहबाज कलंदरच्या दर्ग्यात फेब्रुवारी 2017 मध्ये, गुरुवारच्या संध्याकाळी, धमाल, म्हणजे तिथला भक्तीचा नाच, चालू असताना बॉम्ब फुटला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. मेले ते मुसलमान, मारणारे स्वतःला त्यांच्याहून खरे मुसलमान म्हणवणारे.

इथे मी तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर येते, आणि इथे तुम्ही बरोबर आहात. मागच्या लेखात मी एक वाक्य लिहिलं होतं: 'अतिरेकाचा धर्माशी काही संबंध नसतो.' ते वाक्य मी मागे घेते. ते मी शांतता राहावी म्हणून लिहिलं होतं, विचार करून नाही. घण उचलणारा माणूस धर्मग्रंथ हातात घेऊनच येतो, आणि त्याला दाराशी अडवणाराही त्याच ग्रंथातून उत्तर देतो. संबंध नाही म्हटलं की अडवणाऱ्याचीही गोष्ट पुसली जाते.

तो अडवणारा पहिल्यापासून आहे. इसवी सन 657 च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खलिफा अलींचेच काही साथीदार 'निवाडा फक्त अल्लाहचा' ही घोषणा देत त्यांच्यापासून फुटले. अलींनी त्यांना दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: शब्द खरे आहेत, पण त्यांतून साधायचं आहे ते खोटं. 661 मध्ये याच गटातल्या एकाने कूफ्याच्या मशिदीत अलींवर तलवार चालवली. इस्लाम आणि अतिरेक हा वाद मुळात इस्लामच्या घरातला आहे, तेराशे वर्षांहून जुना, आणि त्यात आधी त्यांचंच रक्त सांडलं आहे.

लांब कशाला, आपल्या हजीऱ्याला चला. तानसेनच्या चिंचेची पानं आपण सगळ्यांनी लहानपणी खाल्ली आहेत, गळा गोड व्हावा म्हणून. शेजारचा तो मोठा मकबरा, दगडी जाळ्यांचा, तो महंमद गौसचा. शेरशाहच्या काळात या माणसाला ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावं लागलं. तिथे अली मुत्तकी नावाच्या मोठ्या विद्वानाने त्याच्यावर पाखंडाचा ठपका ठेवला, कारण आपण ईश्वराच्या समीप जाऊन आलो असं गौसने लिहिलं होतं. प्रकरण देहदंडाच्या फतव्यापर्यंत गेलं. अहमदाबादचे वजीहुद्दीन अलवी, तेही तेवढेच मोठे विद्वान, गौसच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे त्याचेच शिष्य झाले. योगाच्या 'अमृतकुंडा'ची फारसी करणारा तो हाच गौस. आज डिसेंबरात तानसेन समारोह सुरू होतो तेव्हा त्या आवारात ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा होते आणि मौलवींचा मिलादही होतो. तुम्ही जुने ग्वाल्हेरकर, तुम्ही ते माझ्याहून कितीतरी जास्त वेळा ऐकलं असेल.

दलवाईंचं नाव घेतलंत ते बरं केलंत. 1966 साली सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. सात. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं केलं. त्यांची धार मला हवीच आहे. पण दलवाई बोलत होते ते घरात उभं राहून, त्या सात जणींबरोबर चालत. त्यांची वाक्यं उचलून आपण बाहेरून भिरकावली तर त्या सात जणी कुठे दिसतात? मुंबईच्या हल्ल्याचंच घ्या. त्याच वर्षी, हल्ल्याच्या काही महिने आधी, देवबंदच्या दारुल उलूम या मोठ्या मदरशाने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं होतं. आणि हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना पुरायला मुंबईच्या मुसलमानांनी बडा कब्रस्तानात जागा दिली नाही. प्रेतं वर्षाहून जास्त काळ शवागारात पडून होती. 'त्यांच्यातलं कुणी बोलत का नाही' हे विचारताना हे आठवायला हवं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला ती रात्री झोपू देत नाही. 2014 मध्ये कल्याणची चार पोरं आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेली. शिकलेली, आपल्यासारख्याच घरांतली. त्यांना तिकडे कशाने ओढलं असेल, याचा विचार करताना मला आमच्या टेबलावरच्या गोष्टी दिसतात: नवं नाव, जिवाला जीव देणारी टोळी, मोठी मोहीम, आणि आपण कुणीतरी आहोत ही भावना. खेळाची गोडीही हीच आहे. हे नाकारलं तर मी खोटी ठरेन. फरक मला एवढाच सांगता येतो, की आमच्याकडे साडेआठला आई जिन्यातून हाक मारते आणि पात्र कागदासकट पिशवीत जातं. टेबलावर एक फुलीचं कार्ड ठेवलेलं असतं. कुणीही, कारण न सांगता, त्यावर बोट ठेवलं की प्रसंग तिथेच थांबतो. त्या रविवारी मी मैत्रिणीला विचारलं, थांबायचं का? ती म्हणाली, नाही, मला मुजावर व्हायचंय. मग मी माझा कागद तिच्याकडे सरकवला. पुढचा अर्धा तास हजीऱ्याच्या मुलीने जनकगंजच्या मुलाला जे ऐकवलं, ते तिला चुलतभावाला ऐकवायचं होतं. मी मधे एक शब्द बोलले नाही.

तुम्ही शेवटी, एवढं रागावूनही, विचारलंत की मजार फुटली का. नाही, अजून तरी नाही. मुजावराने त्याला विचारलं, उन्हातून आलास, पाणी पितोस का? पोराने फासा टाकला, स्वतःच्याच पात्राला आत जाण्यापासून रोखता येतं का ते बघायला. वीसपैकी चार पडले, म्हणजे रोखता आलं नाही. घण दाराशी टेकवून तो आत गेला. तेवढ्यात खालून आईची हाक आली. त्याच्या परीक्षा आहेत, त्यामुळे पुढचे दोन रविवार खेळ नाही.