पाळली कायले?

आज सकाळी किराणा दुकानात अर्धा डझन अंडी घेताना मला रंगेहाथ पकडण्यात आलं. घरी तीन कोंबड्या असलेल्या माणसानं अंडी विकत घेणं हा मानेवाड्यात अजून गुन्हा नाही, पण आमच्या गल्लीतल्या काकाजींचं मत वेगळं असावं. मंकी कॅपमधून फक्त नाक आणि संशय बाहेर काढून ते म्हणाले, "का जी, घरच्या कोंबड्या संपावर हायेत का?"

आहेत. दिवाळीनंतर दिवस आखडतो, डिसेंबरात नागपुरात तो जेमतेम अकरा तासांचा उरतो. कोंबडीला नेमानं अंडी द्यायला चौदाएक तास उजेड लागतो. तो मिळेना की ती अंडी थांबवते आणि जुनी पिसं झाडून नवी आणायला घेते. आधी डोकं आणि मान, मग छाती, पाठ, शेवटी शेपूट. पीस म्हणजे जवळपास ८५ टक्के प्रथिनं, अंड्यालाही प्रथिनंच हवीत. दोन्ही खर्च एकदम तिला झेपत नाहीत. आणि हे सगळं कधी, तर ऐन थंडीत! याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता. उघडं व्हायला हा मुहूर्त कोणी काढून दिला कोण जाणे.

मी निमूट घरी आलो. मागोमाग काकाजीही आले, पाहणीला. कंपाउंडवरून डोकावताच त्यांना आमची कोंबडी शेवंती दिसली. मान पूर्ण साफ, पाठीवर नुसते खुंट.

"अरे बाप्पा! हे तं अर्धी सोलूनच ठेवली तुमी. सावजीवाल्याची मेहनत वाचली."

"पिसं बदलतेय ती, काकाजी. दरवर्षी होतं."

"मांगच्या वर्षी नोती झाली."

"मागच्या वर्षी लहान होती. पहिल्या हिवाळ्यात सहसा अशी झडत नाहीत."

"म्हणजे बुढी झाली. मंग शिजाले टाईम लागन बरं."

"शिजवायची नाहीये."

काकाजींनी मंकी कॅप कानांवरून वर केली. आपल्या ऐकण्यात चूक झाली असावी, असं त्यांना वाटलं. मी पुन्हा सांगितलं.

"मंग पाळली कायले?"

त्यांचा तरी काय दोष? आमच्या शहरात कोंबडीला भविष्य नसतं, रस्सा असतो. पण काकाजी तिथंही थांबले नाहीत. "गोरेवाड्यात वाघ मेले ना बर्ड फ्लूनं? वाघ! तुमची कोंबडी कोन्या झाडाचा पाला?" आता २०२४ च्या डिसेंबरात इथल्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, हे खरंच आहे. पण बर्ड फ्लू झालेली कोंबडी समोर उभी राहून शेंगदाण्याची ढेप आणि सुकट मागत नाही, हे मी कितीदा सांगायचं? (पिसांसाठी सुकट देतो, तर वासाची तक्रार पलीकडच्या घरून येते. ती वेगळीच.)

मग काकाजींना दया आली. रागापेक्षा ती महागात पडते. "आमच्या हिच्याजवळ लोकर उरली हाय. स्वेटर विणून देते. माप घेऊ का?" म्हणत त्यांनी शेवंतीकडे हात घातला आणि मी ओरडलो. नवं पीस वेष्टनात गुंडाळलेलं येतं, आत रक्त खेळत असतं. नुसता हात लागला तरी दुखतं, मग वर लोकर घासायची?

"चांगलं सांगून राहिलो तं भाऊले राग येते," काकाजी म्हणाले. आणि लालीकडे बोट दाखवलं, "हे पाहा, हे कशी टापटीप हाय. हिच्याकडून शिका म्हणा."

इथं मात्र माझी सटकली. जी कोंबडी भरपूर अंडी देते ती उशिरा झडते आणि एकदम झडते, म्हणून भिकाऱ्यासारखी दिसते. लाली सप्टेंबरपासूनच एकेक पीस सावकाश गाळतेय, अंड्यांच्या बाबतीत तर बाराही महिने तिचा हात आखडताच. आमच्या ऑफिसातही गोपनीय अहवालात 'उत्कृष्ट' शेरा अशाच टापटीप मंडळींना मिळतो. राबणारा शेवंतीसारखा विस्कटलेला असतो आणि त्यालाच विचारतात, तब्येत बरी नाही का?

शिवाय आज माप घ्यायला पुढे आलेला हात पावसाळाभर अंडी न्यायला यायचा. फुकट. डबा आमचा. तो अजून परत आलेला नाही.

दुपारी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकाजींचा संदेश आला: 'बुलढाण्याकडे माणसांचे केस गळाले तसाच प्रकार आपल्या गल्लीत कोंबड्यांना. लहान मुलांना दूर ठेवा.' खाली दोघींनी कांद्याचा रस लावायला सुचवलं. एकानं विचारलं, 'गावरान आहे का? किलोचा भाव काय?'

मी उत्तर दिलं नाही. काकाजींनी दिलं: 'पिसं नाही, वजन कमी भरन. भाव करून घ्या.'