सुट्टीतली बायबल शाळा कशी गाजवावी

सुट्टी लागली की चर्चच्या मंडळीमंडळीत व्हीबीएसचे, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूलचे, वेध लागतात. तुमचीही शाळा गाजावी असं वाटत असेल तर पुढचा सल्ला जपून ठेवा. परवाच्या समारोपातून आणलाय, अजून गरम आहे.

सगळ्यात आधी बॅनर. अभ्यासक्रम नंतर ठरला तरी चालतो. बॅनरवर पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे यांचे गोल फोटो हवेत. त्यातूनही जागा उरलीच, तर कोपऱ्यात इंटरनेटवरून उतरवलेलं एक हसरं मूल. आपल्या मंडळीतलं नको, बाकीच्यांचे आईबाप रुसतात.

शिक्षकांना आदल्या रात्री फोन करा. "प्रभूने तुझंच नाव मनात घातलं" म्हटलं की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. हे नाव प्रभू महिनाभर आधी का सुचवत नाही, ते विचारायचं नसतं. धड्याचं पुस्तक सकाळी दारात हातात द्यावं.

चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची सगळी पोरं एकाच सतरंजीवर बसवा.

सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायला दिलेलं बायबलचं वचन, एका दमात म्हणेल त्याला बक्षीस. अर्थ विचारू नका, वेळ जातो.

नोहाच्या, म्हणजे महापुरातल्या तारवाच्या, धड्याला कुणीतरी हमखास विचारतं, "टीचर, तारवात न घेतलेल्या मुलांचं काय झालं?" त्याला ताबडतोब जिराफ रंगवायला द्या.

अहवालात पहिल्या दिवसाची हजेरी लिहा. शेवटच्या दिवशी किती उरली ते देवाला ठाऊक आहेच.

आणि आता समारोप. याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही. मुलांकडून आठवडाभर नाटुकली बसवून घ्यावी. आमच्या वर्गाने जक्कय बसवला होता, बायबलमधला, येशूला बघायला झाडावर चढणारा. उंबराच्या झाडासाठी बाक, दोन खुर्च्या आणि हिरवा कागद. जक्कयला कापसाची दाढी, ती डिंकाने चिकटवलेली, त्यामुळे पोरगं तासभर हनुवटी खाजवत होतं. आधी स्वागत. मग प्रार्थना. मग परिचय, मग पुष्पगुच्छ, मग ज्यांना पुष्पगुच्छ मिळाला नाही त्यांचा शोध आणि त्यांनाही पुष्पगुच्छ. मग प्रमुख पाहुणे "मी थोडक्यात बोलणार आहे" म्हणाले आणि उभे राहिले ते उभेच. विषय काय? मुलांना वेळ द्या! समोरची बालवाडीतली पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. दोन पोरींना शू लागली होती, पण "पाहुणे बोलतायत" म्हणून त्यांना उठू दिलं नाही. शेवटी सेक्रेटरी माइकवर आले, घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेळेअभावी नाटुकली रद्द करत आहोत." आणि आभारप्रदर्शन सुरू केलं. त्याला मात्र वेळ होता!

"टीचर, आता आपण ना?" असं जक्कयने मला विचारलं. मी काय सांगू त्याला?

अहो, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली ती जक्कयची गोष्ट तरी वाचलीय का कुणी? बुटका माणूस, पुढे गर्दी, गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. येशूने त्या गर्दीतून मान वर करून त्यालाच हाक मारली, त्याच्याच घरी उतरला. तुम्ही त्या गोष्टीतली गर्दी झालात, आणि वर पुष्पगुच्छही घेतलेत.

१८९८ साली न्यूयॉर्कमध्ये श्रीमती हॉज नावाच्या बाईंनी वस्तीतल्या पोरांसाठी सुट्टीत अशी शाळा काढली, ती भाड्याने घेतलेल्या बिअर हॉलमध्ये. पोरं जिथे होती तिथे शाळा गेली. आपल्याकडे पोरं चर्चमध्ये येऊन बसलेली असतात, आणि आपण त्यांच्यासमोर एकमेकांचे सत्कार करतो. मार्कच्या शुभवर्तमानात १० व्या अध्यायात शिष्यांनी लेकरांना अडवलं तेव्हा येशू रागावला, असं स्पष्ट लिहिलंय. ते शिष्य तरी धन्याचा वेळ वाचवायला बघत होते. तुम्ही कुणाचा वाचवलात?

सेवा, सेवा म्हणता आणि महिनाभर आधी एक बैठक घेत नाही. मुलांचे वयाप्रमाणे गट पाडत नाही. प्रश्न विचारणाऱ्या पोराला गप्प करता आणि तेच पोर मोठं होऊन चर्चला येत नाही म्हणून उपवास-प्रार्थना ठेवता. लाज वाटू द्या थोडी. पुढच्या वर्षी नाटुकली पहिली ठेवा आणि भाषण शेवटी. ऐकायला कोण थांबतं ते पाहुण्यांनाही कळू दे.