डेटाबेसचं घेतलेलं कनेक्शन परत करा ना!
पुन्हा तेच! रात्री दोनला फोन, साइट ठप्प, लॉगमध्ये 30 सेकंद ताटकळून आलेला टाइमआउट. हिकारी म्हणजे जावा प्रोग्रॅमसाठी डेटाबेसची कनेक्शन्स तयार ठेवणारी लायब्ररी. तिच्या पूलमध्ये, म्हणजे साठ्यात, मुळात 10 कनेक्शन्स. दहा रिक्वेस्टनी घेतली, परत केलीच नाहीत, की अकरावी दारात उभी. उपाय काय, तर म्हणे पूल 200 करा! अहो, पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादाच 100 कनेक्शन्सची आहे! आणि बादली मोठी केली म्हणून गळायची थांबते का? कुणी तर कनेक्शन स्टॅटिकच ठेवतो, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला मिळून एकच. मग सगळे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) घुसतात, एकाच्या कमिटने दुसऱ्याचं अर्धवट काम पक्कं होतं. लोकांच्या पैशांच्या नोंदी आहेत हो त्या! 2011 सालीच जावा 7 मध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं. ब्लॉक संपला की कनेक्शन आपोआप परत. एवढी एक ओळ लिहायला हात का जड होतो?