डिव्हाइस शोधत आहे…

"टीव्हीवर लाव ना, सगळ्यांना एकदम दिसेल" हे वाक्य नेहमी अशी व्यक्ती उच्चारते जिला स्वतःला उठायचं नसतं. आमच्याकडे ते आतोबांनी उच्चारलं.

आत्या आणि आतोबा साताऱ्याहून डोंबिवलीला आले होते ते आत्यांचा गुडघा दाखवायला. मे महिन्यात आमच्या चिरंजीवांची मुंज झाली तेव्हा याच गुडघ्यामुळे त्यांचं येणं हुकलं होतं. त्यामुळे मुंजीचे फोटो पाहणं हा त्यांचा हक्क होता आणि ते फोटो माझ्या फोनमध्ये होते. नवरा तत्परतेने म्हणाला, "ही लावेल." मी एका पतपेढीत हिशेब तपासते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, एवढ्या भांडवलावर घरातली वायर असलेली आणि नसलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात जमा झालेली आहे.

टीव्ही स्मार्ट. फोन स्मार्ट. दोघांत अंतर आठ फूट. दोघांचेही हप्ते फिटलेले. एकमेकांशी बोलायला हरकत अशी काही नव्हती.

पहिली अडचण नावाची. फोनमध्ये या सोयीला काय म्हटलंय ते फोन बनवणाऱ्याच्या लहरीवर असतं. कुठे ती 'कास्ट' असते, कुठे 'स्मार्ट व्ह्यू', कुठे 'वायरलेस डिस्प्ले', कुठे 'स्क्रीन मिररिंग'. ती वरून खाली ओढायच्या पडद्यात असते, नाहीतर सेटिंगमध्ये 'कनेक्शन आणि शेअरिंग'च्या आत, नाहीतर 'अधिक कनेक्शन'च्या आत. आणि टीव्हीकडे जावं तर तो तिला पाचव्याच नावाने ओळखतो, शिवाय एचडीएमआय एक आणि दोनच्या खाली कोपऱ्यात दडवून ठेवतो.

या भानगडीची सुरुवात चांगल्या हेतूने झाली होती हे मला मान्य आहे. वाय-फायचे नियम ठरवणारी वाय-फाय अलायन्स नावाची संस्था आहे. तिने 2012 मध्ये मिराकास्ट आणलं. कुठल्याही कंपनीचा फोन कुठल्याही कंपनीच्या टीव्हीला वायरीशिवाय जोडता यावा, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी गूगलने क्रोमकास्ट काढून आपली चूल वेगळी मांडली. ॲपलची एअरप्लेची चूल तर 2010 पासूनच पेटलेली होती, आणि आयफोन मिराकास्टच्या पंगतीला कधी बसलाच नाही. एकत्र कुटुंब स्थापन व्हायच्या आधीच वाटण्या झाल्या, आणि आता त्या निस्तरायला दर घरात एक सून.

"ब्लूटूथ चालू केलंस का?" आतोबांनी विचारलं.

आतोबांच्या मते कुठलाही वायरलेस आजार ब्लूटूथने बरा होतो. मी हिशेबातली बाई, म्हटलं आकडेच मांडावेत. फुल एचडी चित्र म्हणजे 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 24 बिट. सेकंदाला अशी 60 चित्रं. जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ 3 गिगाबिट. आणि नेहमीच्या ब्लूटूथची मजल सेकंदाला फार तर 3 मेगाबिट, म्हणजे थेट हजारपटीने कमी.

आतोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "तरी एकदा चालू करून बघ."

केलं. फोन तत्काळ बेडरूममधल्या स्पीकरला जोडला गेला आणि तिथून कुणीतरी मोठ्या आवाजात अळूवडीचं बेसन कसं भिजवायचं ते सांगायला लागलं.

तेवढ्यात चिरंजीव आले. शेंडीभोवती केस नुकते उगवलेले, हातात चिवड्याची वाटी. म्हणाले, "आई, मिररिंग कशाला करतेस? फोटोच्या ॲपमध्येच कास्टची खूण असते." चौकोन, आणि त्याच्या कोपऱ्यात तीन कमानी. होती खरी.

हा फरक मला त्या दिवशी नीट कळला. मुंजीच्याच भाषेत सांगायचं तर मिररिंग म्हणजे पंगत आणि कास्टिंग म्हणजे बुफे. मिररिंगमध्ये फोन स्वतः पदर खोचून प्रत्येक चित्र दाबून, बांधून, टीव्हीच्या पानात वाढत राहतो. म्हणून तो तापतो, बॅटरी उतरते आणि वाढप जरा मागेच असतं: बोट आत्ता हललं तर टीव्हीवर ते किंचित नंतर हलतं. कास्टिंगमध्ये फोन फक्त सांगतो, ते बघा तिकडे मांडलंय. मग टीव्ही आपल्या हाताने इंटरनेटवरून घेतो आणि फोन मोकळा होऊन गप्पा मारतो. मला अर्थातच बुफे हवा होता.

पण बुफेला अट अशी की पाहुणा आणि यजमान एकाच मांडवात पाहिजेत. दोघे एकाच वाय-फायवर. आमचा राऊटर बेडरूममध्ये, कारण केबलवाल्याची वायर तिथपर्यंतच पुरली. तो दोन नावांनी नांदतो: एक साधं आणि एकाच्या शेवटी '5जी'. नवऱ्याचा ठाम समज की ते मोबाइलचं 5जी आहे आणि त्याचे आपण जादा पैसे भरतो. ते आहे 5 गिगाहर्ट्झ, म्हणजे लहरींची पट्टी. साध्या 2.4 गिगाहर्ट्झपेक्षा वेग जास्त, पण भिंत आली की दम सुटतो. आमच्या बेडरूम आणि हॉलच्या मध्ये भिंत आहे, शिवाय भिंतीला लागून सासूबाईंचं गोदरेजचं कपाट. कपाटाला वळसा घालता घालता वाय-फाय इतकं क्षीण झालं होतं की माझा फोन स्वतःच्या अकलेने केव्हाच मोबाइल डेटावर निघून गेला होता. टीव्ही एका मांडवात आणि फोन भलत्याच गावात.

फोनला परत आणला. कास्टची खूण दाबली. टीव्हीवर पाटी आली: 'नवीन अपडेट उपलब्ध आहे.' पुढे काही सुचायच्या आत सासूबाईंनी ओके दाबलं.

इथे सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं. रिमोट त्यांच्या ताब्यात असतो. यंत्राने काही विचारलं की होच म्हणायचं, हे त्यांचं धोरण. नाही म्हटलं तर ते रुसतं आणि मग मालिका लागत नाही. या धोरणापायी आमचा टीव्ही आत्तापर्यंत अनेक अटी आणि शर्तींना मान्यता देऊन बसला आहे आणि त्यांपैकी एकही कुणी वाचलेली नाही.

अपडेट होईपर्यंत आतोबा एरियलच्या काळात गेले. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं तेव्हा ते नोकरीसाठी गिरगावात राहत होते. चाळीच्या कौलांवर एकजण चढायचा, खालून सगळे ओरडायचे. "तेव्हासुद्धा वायरलेसच होतं की," आतोबा म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. चित्र हवेतूनच यायचं. मग नव्वदच्या दशकात आपण पैसे भरून घरोघर केबल ओढून घेतली, आणि आता जास्त पैसे भरून वायरी काढून टाकतोय. आत्या म्हणाल्या, "तुम्ही चढला होतात का कधी कौलावर?" आतोबांनी विषय बदलला.

टीव्ही ताजातवाना होऊन उठला आणि कास्टिंगला ओळखच दाखवेना. म्हणून पुन्हा पंगतीकडे वळले. मिररिंगचा एक मोठा गुण म्हणजे त्याला राऊटर लागत नाही. वाय-फाय डायरेक्ट नावाचा रस्ता वापरून फोन आणि टीव्ही परस्पर बोलतात. कपाट, भिंत, केबलवाला, कुणाचाच संबंध नाही. मी शोध सुरू केला. 'डिव्हाइस शोधत आहे…' असं म्हणत एक गोल फिरायला लागला. पोह्यांचं पातेलं गार झालं. आत्यांनी गुडघा लांब केला. गोल फिरतच होता.

मग टीव्हीवर पाटी झळकली. माझ्याच फोनच्या मॉडेलचं नाव, आणि पुढे: 'हा फोन जोडू इच्छितो. परवानगी द्यायची?'

"आला!" सगळे एका सुरात म्हणाले. सासूबाईंनी ओके दाबलं.

आणि फोन टीव्हीवर आला. उभा फोन आडव्या टीव्हीवर जसा येतो तसा, मधोमध एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना अंधार. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. आतोबांनी चष्मा लावला. "हे गजानन महाराज छान लावलेत हो," आत्या म्हणाल्या.

माझ्या फोनवर गजानन महाराज नाहीत. माझ्या फोनवर तेव्हाही तो गोल फिरत होता.

झालं होतं ते असं. आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीत एकाच दुकानातल्या एकाच ऑफरमध्ये बऱ्याच जणांनी एकाच जातीचे टीव्ही उचलले. टीव्ही कारखान्यातून स्वतःचं मॉडेलचं नाव घेऊन येतो आणि ते कुणी बदलत नाही. आमच्याच इमारतीतला कुणी भला माणूस, योगायोगाने माझ्याच मॉडेलचा फोन घेऊन, त्याच संध्याकाळी त्याच्या टीव्हीशी झगडत होता. स्लॅबमुळे वाय-फाय क्षीण होतं, पण साफ अडतंच असं नाही. दोन सारख्या नावांतलं एक त्याने निवडलं आणि सासूबाईंनी त्याला घरात घेतलं.

त्या माणसाला स्वतःच्या टीव्हीवर अर्थातच काही दिसत नव्हतं. त्याने यूट्यूब उघडलं आणि 'फोन टीव्हीला कसा जोडायचा' हे शोधलं. एक हिंदी व्हिडिओ लागला. मिररिंगमध्ये आवाजही येतो. तेव्हा फोन टीव्हीला कसा जोडावा हे आमचा टीव्ही, त्यालाच जोडलेल्या परक्या फोनवरून, आमच्या पाहुण्यांना समजावून सांगू लागला. आतोबा मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "बघ, हाही ब्लूटूथबद्दल काही बोलत नाहीये. चुकतोय."

मी म्हटलं, "आई, बंद करा, दुसऱ्याचा फोन आहे."

"अगं, कुणाचा ते तरी कळू दे," आत्या म्हणाल्या.

कळलं. त्याने कंटाळून व्हिडिओ बंद केला, व्हॉट्सॲप उघडलं आणि आमच्या सोसायटीचा ग्रुप समोर आला. बोटं चालू लागली. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी! आमचे सेक्रेटरी अत्यंत मृदू गृहस्थ आहेत. ग्रुपवर त्यांचा प्रत्येक संदेश 'सर्व सभासदांस सविनय नमस्कार'ने सुरू होतो. त्यांचा कच्चा खर्डा पाहायचा योग आजवर आला नव्हता.

पट्टीत अक्षरं उमटली: 'दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना लाज कशी वाटत नाही. जिन्यात चपलांचं कपाट ठेवायला जिना काय त्यांच्या'

इथे ते थांबले. दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. चपलांचं कपाट आमचं.

अक्षरं एकेक करून मागे गेली. नवीन आली: 'काही सभासदांना माणसांची भाषा कळत नाही'. तीही गेली. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. आतोबा पुढे सरकून खुर्चीच्या काठावर आले होते. "आता काय लिहितोय बघू," आत्या पुटपुटल्या. मी बॅकचं बटण दाबायला रिमोटवर झडप घातली. पाटी आली: 'डिस्कनेक्ट करायचं?' आणि ज्यांनी यंत्राला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं त्या सासूबाईंनी रिमोट माझ्यापासून लांब धरून 'नको' दाबलं.

शेवटी सविनय नमस्कार अवतरला. 'जिन्यात वैयक्तिक वस्तू असल्यास त्या सवडीने आत घ्याव्यात ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.' आणि माझा फोन टुणकन वाजला. गंमत म्हणजे तो आधी वाजला. टीव्हीवर संदेश गेल्याचं नंतर दिसलं. कुठल्याशा सर्व्हरला वळसा घालून आलेलं पत्र खालच्या मजल्यावरून सरळ येणाऱ्या चित्राच्या आधी पोचलं. वाढप मागे राहतं ते असं.

नवरा काही न बोलता उठला आणि चपलांचं कपाट आत घेऊन आला. ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून टीव्हीसमोर ठेवलं. पाच मिनिटांत ग्रुपवर लिहिलंसुद्धा, 'आत घेतलं आहे.' सेक्रेटरींच्या कारकिर्दीत नोटिशीचा इतका तातडीने परिणाम प्रथमच झाला असावा. आम्ही त्यांना टीव्हीवर बघत होतो. ते बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत राहिले, मग त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली. मग सगळे थोडे ओशाळले, आणि सासूबाईंनी स्वतःहून टीव्ही भिंतीवरच्या बटणातून बंद केला.

मुंजीचे फोटो आत्यांनी माझ्या फोनवर, हात लांब करून पाहिले. मातृभोजनापर्यंत नीट पाहिले. भिक्षावळीत बोट जरा जोरात सरकलं, त्यामुळे मग माझ्या एका विजेच्या बिलाचा फोटो आणि डेंटिस्टची पावतीही झाली.

रात्री साताऱ्याहून त्यांच्या लेकीचा फोन आला. आत्यांनी तो स्पीकरवर घेतला. "हो, बघितली ना मुंज," त्या म्हणाल्या, "मुलाचं डोकं छान गोल निघालं आहे. ते राहू दे. अगं, यांच्या खाली एक सेक्रेटरी राहतात…"