रविवर्मा नव्हे, हळदणकर!

आज सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर तो फोटो परत आला. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने ज्योत आडोशाला धरलेली बाई. खाली 'राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती' आणि शुभ सकाळ. या वेळी कोणीतरी कॉम्प्युटरकडून चित्र हलवून घेतलं होतं, उजेड लुकलुकतो, बाई पापण्या मिटते, हसतेसुद्धा. लोकांनी पटापट हात जोडले. मी लिहिलं, हे सावळाराम हळदणकरांचं चित्र आहे. त्यावर भाचा म्हणतो, "मावशी, कोणाचं का असेना, मस्त आहे ना! आणि मोबाइलवर म्युझियमपेक्षा क्लिअर दिसतं."

तेव्हापासून डोकं तापलंय. भाजी फोडणीला टाकताना तेच, आता लिहितानाही तेच.

कोणाचं का असेना? रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. चाळीस वर्षांचा फरक आहे हो! हळदणकर आमच्या सावंतवाडीचे. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकले, १९०८ साली तिथेच स्वतःची चित्रशाळा काढली, विद्यार्थी घडवले. या चित्रासाठी दिवा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली ती त्यांची मुलगी, गीता. त्या बाई शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या, आपल्या कोल्हापुरात. आणि आपण त्यांच्या वडिलांचं नाव पुसून खाली शुभ सकाळ लिहितो.

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन म्हैसूरला गेले होते. तिथल्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात हे चित्र आहे. आमच्या माजघरात याची छापील प्रत माझ्या जन्माच्या आधीपासून लटकतेय, कुठल्याशा कॅलेंडरची, वडिलांनी चौकट करून घेतलेली. त्यामुळे आईला त्यात नवं काही नव्हतं. गुडघे दुखत होते, "बघितलेलाच आसा गो" म्हणत ती आत आली. आणि समोर उभी राहिल्यावर हळूच म्हणाली, "हात भाजतलो गो तिचो."

माझ्या अंगावर काटा आला. कारण मलाही तेच वाटलं होतं.

ती बोटं एकदा जवळून बघा. ज्योत दिसतच नाही, ती हाताआड आहे. पण बोटांच्या कडा आतून लाल झाल्यात. लहानपणी लाइट गेले की आपण टॉर्चवर पंजा ठेवायचो ना, तशा. तिथून तो उजेड हनुवटीवर, ओठांवर, जांभळट साडीच्या काठावर चढत जातो आणि मागे भिंतीवर सावली पडते. आमच्या कॅलेंडरात या बोटांच्या जागी नुसता नारिंगी डाग आहे. इतकी वर्षं मी तो डाग बघत होते.

आणि हे तैलरंग नाहीत, जलरंग आहेत, कागदावरचे! तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा हात मारता येतो. जलरंगात एकदा पाणी पसरलं की पसरलं. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मागचा कागद, तो आधीच रंग न लावता राखून ठेवावा लागतो. मोबाइलमध्ये उजेड कागदाचा नसतो, पडद्याचाच असतो. मग राखलेलं काय कळणार? क्लिअर म्हणे!

आई तिथून हलेना. मागून लोक येत होते, 'हे ते रविवर्म्याचं' म्हणत पुढे सरकत होते. रविवर्म्यांची अस्सल चित्रंही त्याच संग्रहालयात आहेत, त्यामुळे गफलत होते, हे मान्य. पण पाटी वाचायला किती वेळ लागतो?

जरा जास्तच रागावले असेन. प्रत्येकाला म्हैसूर परवडत नाही, सुट्टी मिळत नाही, कळतं मला. पण मग औंधला तरी जा! साताऱ्यापासून काही फार लांब नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय उभं केलं. रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे, एका खेड्यात! आपण मात्र यमाईचं दर्शन घेऊन परत गाडीत बसतो. मुलांना पुढच्या रांगेत उभं करा, हातातला फोन घ्या आणि दहा मिनिटं एकाच चित्रापुढे सोडा. कंटाळू देत. कंटाळल्यावरच दिसायला लागतं.

त्या दिवशी राजवाड्यातून बाहेर पडल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मी चहा आणला तेव्हा तिने कपाभोवती दोन्ही हात धरले आणि आपल्याच बोटांकडे बघत म्हणाली, "बापाशीन लेकीक किती वेळ उभा केल्यान असतला?" मला तर ते सुचलंही नव्हतं.

घरी आल्यावर मी ते कॅलेंडर उतरवायला स्टूल घेतलं. रंग विटलेत, खाली नाव नाही, म्हटलं आता कशाला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "नको काढू. ह्यां बघूनच मी थंय गेलंय."

मग स्टुलावर उभ्या उभ्याच चौकटीच्या खाली मार्करने नाव लिहिलं. सा. ल. हळदणकर. अक्षर थोडं तिरकं आलंय. भाच्या, पुढच्या वेळी येशील तेव्हा वाच.