“काका, दगड घरी आणून देऊ का?”

गेल्या उन्हाळ्यात नागपुरात आमच्या भागातल्या रस्त्याचे सिमेंटीकरण सुरू झाले, तेव्हा जुन्या मोरीच्या कठड्यातला एक कोरीव दगड आता जाणार, हे लक्षात येऊन मी कामावरच्या सुपरवायझरला गाठले. त्या दगडावर वरच्या ओळीत जी. टी. एस., मध्ये बोटभर रुंदीचा चौकोन आणि खाली बी. एम. अशी इंग्रजी अक्षरे होती. मुलगा भला होता. भर उन्हात त्याने माझे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, एवढंच ना? जेसीबीनं काढून संध्याकाळी तुमच्या घरी आणून देतो.” त्याच्या चांगुलपणापुढे मला उत्तर सुचेना. तो दगड जागचा हलला की त्यात जपण्यासारखे काहीच उरत नाही, हे उभ्या उभ्या कसे समजवावे?

जी. टी. एस. म्हणजे ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे, त्रिकोणमितीच्या आधाराने केलेली देशाची मोजणी. विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली आधाररेषा, म्हणजे त्रिकोणाची काटेकोर मोजलेली पहिली बाजू, मोजायला घेतली आणि तिथून सुरू झालेली त्रिकोणांची साखळी पुढे हिमालयापर्यंत गेली. बी. एम. म्हणजे बेंचमार्क, उंची मोजून ठेवलेली कायमची खूण, पुस्तकी मराठीत तलचिन्ह. उंची मोजण्याचे काम त्यामानाने उशिरा, १८५८ मध्ये, सुरू झाले. नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी ठरवली गेली आणि तिथून लेव्हल व पट्टी घेऊन, एकेक मुक्काम करत, ती उंची देशाच्या आतल्या भागात आणली गेली. वाटेत जे खचणार नाही असे वाटले, म्हणजे कचेरीचे जोते, चर्चची पायरी, विहिरीचा काठ, मोरीचा कठडा, त्यावर ही खूण कोरत गेले. चौकोनाच्या पातळीची उंची वहीत लिहिली जाई. वहीतला आकडा आणि जागचा दगड, दोन्ही असतील तरच त्या नोंदीला किंमत आहे.

आता मोबाइल उंची सांगतो, मग दगड कशाला, असे मला नेहमी विचारले जाते. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी असते, आणि आपल्याकडे या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक फरक पडतो. तो भरून काढायला गणिती प्रतिमान लागते आणि ते प्रतिमान तपासायला पुन्हा असेच जमिनीवरचे बिंदू लागतात.

नागपूरकरांना मोजणीचा दगड म्हटला की झिरो माइल आठवतो. चार घोडे, वालुकाश्माचा खांब, त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची अंतरे, आणि “हा भारताचा मध्य” हे प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे वाक्य. मीही पंचवीस वर्षे ते ऐकवले. त्या खांबाशेजारी १९०७ चे बुटके तलचिन्ह आहे आणि त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, कोरलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेला हा आकडा मला घोड्यांपेक्षा कितीतरी देखणा वाटतो. तलचिन्ह उंची सांगते, खांब अंतरे सांगतो. देशाचा मध्य यांपैकी कोणीच सांगू शकत नाही. तरी फोटो घोड्यांचे निघतात. (माझ्या स्वतःच्या अल्बममध्ये सात आहेत, तलचिन्हाचा एकही नव्हता.)

निवृत्तीनंतर मी ५५ ओ/४ हा नागपूरचा टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा तपशीलवार नकाशा, समोर ठेवून अशा खुणा शोधत फिरतो. नकाशावर छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा असेल तर ते त्रिकोणमितीचे स्थानक, म्हणजे मोजणीच्या त्रिकोणाचा एक कोपरा, आणि बी. एम. लिहिले असेल तर तलचिन्ह. आतापर्यंत अकरा ठिकाणी गेलो, चार सापडल्या. उमरेडच्या बाजूला एका टेकाडावर धुऱ्यालगत असाच एक दगड सापडला, पण त्यावर शेंदराचे इतके थर होते की अक्षरांचा पत्ता लागेना. मी नखाने कोपरा उकरू लागलो, तेवढ्यात मागून एक म्हातारेबुवा आले. “साहेब, हात लावा, पण खरडू नोका. माह्या आज्याच्या वक्तापासून हाय तो.” मी हात आवरला. मग सूर्य कलेपर्यंत थांबलो आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला, तेव्हा शेंदरातून एक वर्तुळ आणि त्याच्या मध्यावरचा ठिपका सावलीसारखा उमटला. ते त्रिकोणमितीचे स्थानक होते. म्हातारेबुवांनीही वाकून पाहिले आणि “बराबर मधात हाय बरं,” म्हणाले. जुन्या दंड संहितेच्या कलम ४३४ नुसार सरकारी भूचिन्ह हलवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होती, पण तो दगड जागेवर राहिला तो या म्हाताऱ्याच्या आज्यामुळे.

ज्याने हे सगळे आरंभले तो लॅम्टन हैदराबादेहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. इथून दीड-दोन तासांची वाट आहे, तरी माझ्या ओळखीच्या इंजिनिअरांपैकी एकच जण तिथे जाऊन आला आहे.

उंचीचा हा विषय मला केवळ हौशीचा वाटत नाही. या शहरात जुना रस्ता न खोदता त्यावर सिमेंटचा थर चढवला जातो, म्हणून कालपर्यंत रस्त्याच्या वर असलेले अंगण आज खाली जाते आणि पावसाचे पाणी फाटकातून आत येते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्याची कारणे अनेक होती आणि सगळा दोष मी रस्त्यांवर टाकत नाही. परंतु कोणता रस्ता किती चढला, हे सांगायला न हललेला एक बिंदू लागतो, आणि आमच्या गल्लीतला तो बिंदू आम्ही त्याच रस्त्याखाली गाडला.

होय, गाडलाच. त्या मुलाने शेवटी माझ्या सांगण्यावरून दगड काढला नाही; कठडा पाडला, दगड होता तिथे ठेवला आणि वरून काँक्रीट ओतले. ओतण्याआधी आम्ही दोघांनी टेप धरून मोजले: चौकोनापासून नव्या रस्त्याच्या पृष्ठापर्यंत ४३ सेंटिमीटर. तो आकडा, तारीख आणि समोरच्या विजेच्या खांबापासूनचे अंतर मी वहीत लिहून ठेवले आहे. तुमच्या भागात अशी खूण दिसली तर रंगवू नका, काढू नका. पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि मला पाठवा.