मेल कधी उतरवायचा, हे ठरवणारा तो सर्व्हर कोण?

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-टू-बी, म्हणजे सप्लायरांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी येते आणि २० तारखेपर्यंत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र भरायचं असतं. या मधल्या दिवसांत अकाउंट्सच्या माणसाशी कुणी बोलूच नये, असा खरं तर नियम पाहिजे. एका बाजूला आपलं पर्चेस रजिस्टर, दुसऱ्या बाजूला टू-बी, आणि एक्सेलमध्ये एकेक बिल जुळवत बसायचं. कुणा सप्लायरने बिल नंबर ‘०११७’च्या जागी नुसता ‘११७’ टाकलेला, कुणी भलत्याच महिन्यात दाखवलेलं, कुणी दाखवलेलंच नाही. जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. आणि नेमकं मी रकमांचा रकाना सिलेक्ट करून, खाली उजव्या कोपऱ्यात ‘सम’ किती दिसतोय ते वाचायला जावं, तर त्याच कोपऱ्यातून मेलची पाटी वर येते. बरोब्बर त्या आकड्यावर. पाच सेकंद हलत नाही. कुणाचा मेल? ॲडमिनचा. विषय काय? पॅन्ट्रीत केक ठेवलाय.

केकशी माझं काही वैर नाही. नंतर जाऊन खातेच मी. पण तो केक मला त्या सेकंदाला कळायलाच हवा, हे कुणी ठरवलं?

आता लगेच सगळे शहाणे सांगायला येतील, ‘अगं, नोटिफिकेशन बंद कर ना!’ केलंय हो. आऊटलुकच्या ऑप्शन्समध्ये, मेलच्या पानावर चार चौकटी असतात. आवाज वाजवायचा का, माउसचा बाण बदलायचा का, टास्कबारवर पाकीट दाखवायचं का आणि ती पाटी वर काढायची का. चारही टिका काढल्यात. कोपरा शांत झाला. पण दुखणं तिथे नव्हतंच, आणि हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही म्हणून मी एवढी कावलेय.

मेलबॉक्स हे माझं दप्तर आहे. सप्लायरने फेब्रुवारीत पाठवलेलं बिल, त्याची क्रेडिट नोट, ‘रेट असा ठरला होता’ असं परचेसवाल्यांनी लिहून दिलेलं, सगळं त्याच्यात. म्हणजे बिलं जुळवायची तर मला दर थोड्या वेळाने इनबॉक्स उघडावाच लागतो. आणि उघडला की वर ठळक अक्षरांत ताजे मेल उभेच. घरातलं कपाट हॉलमध्ये असावं आणि हॉलमध्ये सतत पाहुण्यांची रांग असावी, तसं आहे हे. रुमाल काढायला गेलं तरी चार जणांना ‘या, बसा’ करावंच लागतं. घंटी काढून टाकली म्हणून पाहुणे यायचे थांबतात होय? मला घंटी बंद करायची नाहीये, मला दार लावायचंय. अकराला उघडीन, दोनला उघडीन, पाचला उघडीन. मधल्या वेळेत जुना मेल मला सापडला पाहिजे आणि नवा माझ्या मशिनवर उतरताच कामा नये. एवढंच. चंद्र मागितलेला नाही.

आणि कळस म्हणजे सोय आहे! क्लासिक आऊटलुकमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एस एकदम दाबा, सेंड-रिसीव्ह ग्रुप्सची खिडकी उघडते. तिथे सरळ लिहिलेलं असतं की इतक्या इतक्या मिनिटांनी आपोआप पाठवा आणि घ्या. मुळात ३० मिनिटं असतात. आकडा बदला, नाहीतर टिकच काढा आणि हवं तेव्हा एफ-नाइन दाबून स्वतः मेल घ्या. ही खिडकी मला सापडली तेव्हा काय आनंद झाला होता! दोन सेकंद टिकला. आमच्याकडे ती चौकट करडी. क्लिक केलं तर ढिम्म हलत नाही.

आयटीला फोन केला. पलीकडून थंडपणे, ‘मॅडम, टिकट रेझ करा.’ केलं. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. पोरगा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. म्हणाला, ‘मॅडम, ते पॉलिसीने लॉक आहे.’

‘का पण?’

‘सिक्युरिटी.’

‘केकचा मेल मी तीन तास उशिरा उतरवला तर कंपनीच्या सिक्युरिटीला काय होणार आहे रे?’

‘मॅडम, ते वरून आलंय.’

वरून आलंय! म्हणजे विषय संपला. टिकट संध्याकाळी बंद. शेरा काय, तर युजरला नोटिफिकेशन बंद करायला सांगितलं आहे. वर ‘आमची सेवा कशी वाटली’ म्हणून पाच चांदण्यांचा मेल. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रविवारी दीर जेवायला आले होते. ते ऐरोलीला सर्व्हरचंच काम बघतात. मी सगळं रामायण सांगितलं तर हसायला लागले. म्हणाले, ‘वहिनी, ती चौकट उघडी असती ना, तरी तुमचं काम झालं नसतं.’ म्हणे ती मिनिटं खरी कामाला येतात पॉप किंवा आयमॅप खात्याला, जिथे आपला प्रोग्रॅम सर्व्हरकडे जाऊन विचारतो, ‘काही आलंय का?’ आमचं खातं मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरचं. तिथे मेल आला की सर्व्हर स्वतःच आपल्याकडे ढकलतो, मिनिटांच्या चौकटीला विचारत बसत नाही. म्हणजे बघा, जे बटण माझ्यासाठी चाललंच नसतं, तेही लॉक करून ठेवलंय! आणि नव्या आऊटलुकमध्ये तर ही सेंड-रिसीव्ह ग्रुप्सची भानगडच नाही.

मग आता उरलं काय? तर ‘वर्क ऑफलाइन’. हे बटण अजून कुणाच्या नजरेला पडलेलं नाही, म्हणून चालू आहे. (हे वाचून कुणी आमच्या आयटीला कळवू नका, पाया पडते.) दाबलं की येणं बंद. पण जाणंही बंद! सप्लायरला ‘बिल नंबर दुरुस्त करा’ म्हणून लिहिलेला मेल आऊटबॉक्समध्ये तिरक्या अक्षरांत लोळत पडतो. मला फक्त येणारं अडवायचंय हो, जाणारं कशाला अडवता?

आणि त्याच्या पुढची गंमत ऐका. मशिनवर किती जुने मेल साठवायचे, त्याची एक पट्टी असते. तीन दिवसांपासून ‘सगळे’पर्यंत सरकवता येते. आमच्याकडे डिस्क वाचवायला ती तीन महिन्यांवर आणून ठेवलीय. ऑगस्टमध्ये मला फेब्रुवारीचं बिल हवं असलं की यादीच्या तळाशी एक ओळ दिसते, बाकीचे मेल सर्व्हरवर आहेत. ते बघायचे तर ऑनलाइन व्हा. झालात ऑनलाइन? की तुंबलेलं सगळं धबाधब अंगावर. एक जुना मेल काढायला गेलं की चाळीस नवे पदरात. त्यातले पंधरा तर नुसते ‘नोटेड’ आणि ‘थँक्स’. रिप्लाय-ऑलचं बटण ज्याने केलं, त्याला एकदा २० तारखेला आमच्या टेबलावर बसवा.

घरी बघा. मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. वर्तकनगरला चाळीस बिऱ्हाडांची सोसायटी, म्हणजे तक्रारींना तोटा नाही. तिचा मेल घरच्या जुन्या लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये आहे. तिथे अकाउंट सेटिंग्जमध्ये तीन टिका काढल्या. सुरू होताना मेल बघ, ही एक. दर दहा मिनिटांनी बघ, ही दुसरी. आणि मेल आल्याबरोबर सर्व्हरने कळवावं, ही तिसरी. ही तिसरी राहिली तर पहिल्या दोन काढून काही उपयोग नाही, हेही दिरांनीच सांगितलं. आता रविवारी सकाळी चहा झाला की मी बटण दाबते, तेव्हाच लिफ्टवाले, पाण्यावाले, ‘माझ्या पार्किंगमध्ये कोण’वाले, सगळे उतरतात. तोवर सर्व्हरवर थांबतात. कुणाचं काही अडलं नाही आजवर. पाणी खरंच गेलं तर लोक दार वाजवतात, मेल करत नाहीत. फुकटच्या प्रोग्रॅमात जे जमतं, ते लाखोंची लायसन्सं घेणाऱ्या ऑफिसात मागितलं की सिक्युरिटी आडवी येते!

बरं, सगळंच मशीनवर ढकलून चालणार नाही. आमच्या साहेबांची तऱ्हा ऐका. मेल पाठवतात. पाठोपाठ एक्स्टेंशनवर फोन, ‘मेल केलाय, बघ.’ मी म्हणते, ‘हो सर, बघते.’ फोन ठेवते न ठेवते तोच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, ‘मेल सेंट, प्लीज चेक.’ अहो, फोन केलाच होतात तर त्याच दमात काम सांगायचं ना! मेल असतो दोन ओळींचा. एकदा तर ‘मघाशी फोनवर बोलल्याप्रमाणे’ अशी सुरुवात होती, आणि फोनवर बोलणं काय झालं होतं, तर मेल केलाय. आता बसा शोधत.

मोबाइलचं तर विचारूच नका. स्वतःच्या आयफोनच्या खात्याला पुश बंद करून ‘मॅन्युअल’ करता येतं, मी केलंय. पण ऑफिसचं ॲप वेगळं, ते म्हणे चालू ठेवायचं. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरलेली, पर्स पुढे घेतलेली, आणि खिशात ते गुरगुरतंय. दिघा येईपर्यंत दोनदा, रबाळ्याला परत. कोपरखैरणेला उतरून महापेच्या शेअर रिक्षात बसेपर्यंत कालच्या मेलवर आजचं ‘जेंटल रिमाइंडर’ येऊन पडलेलं असतं. मी अजून ऑफिसला पोचायचेय! आणि पोचल्यावर ‘कालपासून पेंडिंग’ म्हणून बोट माझ्याचकडे.

आणि जो मेल ताबडतोब यायला हवा, तो मात्र कधी वेळेवर येतो का? परवाच्या पावसात ठाण्याकडे रुळांवर पाणी भरायला लागलं होतं. सगळ्या बायका खिडकीशी, सगळ्यांच्या तोंडी एकच, सोडतायत का? एचआरचा ‘आज लवकर निघावे’चा मेल कधी आला? मी ठाणे-बेलापूर रोडवर छत्री उलटी झालेल्या अवस्थेत रिक्षाला हात करत होते, तेव्हा. तो तीन साहेबांच्या मंजुरीत अडकला होता म्हणे. केकला मंजुरी लागत नाही, पावसाला लागते.

कुणाला वाटेल, ही बाई कामचुकार, मेल टाळायला बघतेय. मग हे ऐका. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १२४ माणसांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवं तितक्यांदा. २०१५ साली छापून आलंय. तीनदाच्या आठवड्यात लोकांचा ताण कमी भरला. तीनदा! मी मागतेय तेही तीनदाच. तो पेपर मी साहेबांना मेल केला होता. त्याला मात्र अजून उत्तर नाही, आणि त्याचं जेंटल रिमाइंडर पाठवायची माझी प्राज्ञा नाही.

कायद्याचं म्हणाल तर डिसेंबर २०१८ मध्ये सुप्रिया सुळेंनी लोकसभेत ‘राइट टु डिस्कनेक्ट’चं खासगी विधेयक मांडलं होतं, ऑफिस सुटल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क द्या म्हणून. खासगी विधेयकाचं आपल्याकडे काय होतं ते जगजाहीर आहे. १९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही. आणि माझं मागणं तर त्याहून लहान आहे. ऑफिस सुटल्यावरचं सोडाच, ऑफिसच्या वेळेत, पगारावर बसलेली असताना, मला पगार ज्या कामाचा मिळतो ते काम सलग दोन तास करू द्या. थ्री-बी चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. ते भरायची वेळ आली की मीटिंगमध्ये कुणी विचारत नाही त्या दिवशी किती मेल आले होते. विचारतात, ‘टॅली का नाही झालं?’

तर पुन्हा टिकट टाकलंय. या वेळी ‘नोटिफिकेशन’ हा शब्दच त्यात ठेवला नाही, म्हणजे त्याच उत्तराने बंद करता येणार नाही. दोनच ओळी लिहिल्यात. साठवायची पट्टी तीन महिन्यांवरून बारावर न्या, म्हणजे ऑफलाइन असतानाही मला जुनी बिलं सापडतील. आणि १४ ते २० मी अकरा, दोन आणि पाच वाजताच ऑनलाइन दिसेन, हे वर कळवा. मधल्या वेळेत कुणाला खरंच घाई असेल तर एक्स्टेंशनवर फोन करा, उचलीन. पण फोनवर काम सांगा. ‘मेल केलाय’ म्हणालात तर तिथल्या तिथे ठेवून देईन.